‘ती चांगली गाते’ यातला ‘चांगली’ कुठल्या जातीचा शब्द?

क्रियाविशेषण अव्यय म्हणजे क्रियापदाबद्दल विशेष माहिती सांगणारा आणि लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे न बदलणारा शब्द. ही व्याख्या तुम्ही शाळेत पाठ केली, मग स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये पाठ केली, आणि नेट-सेट किंवा पेटसाठी भाषाविज्ञान घेतलं असेल तर आता तिसऱ्यांदा करताय. जरा थांबा आणि ही चार वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा.

तो चांगला गातो.
ती चांगली गाते.
ते पोरगं चांगलं गातं.
त्या पोरी चांगल्या गातात.

‘चांगला’ इथे कशाबद्दल सांगतो? गाण्याच्या क्रियेबद्दल. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं. आणि बदलतो की नाही? चार वाक्यांत चार रूपं. म्हणजे अव्यय नाही. व्याख्येचा पहिला अर्धा भाग लागू होतो, दुसरा होत नाही.

काही पुस्तकं यातून वाट काढतात. न बदलणारं ते ‘क्रियाविशेषण अव्यय’, बदलणारं ते नुसतं ‘क्रियाविशेषण’. परीक्षेत चार पर्यायांतून एकाला खूण करायला हे पुरतं. पण संशोधन करायचं असेल तर खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो: बदलतं ना, मग कुणाप्रमाणे बदलतं? कर्त्याप्रमाणे? कर्माप्रमाणे? की क्रियापदाचं बघून? याचं उत्तर ‘विकारी क्रियाविशेषण’ या नावात नाही. ते आपल्याला वाक्यं गोळा करूनच शोधावं लागतं, आणि ती वाक्यं गोळा करायला अर्धापूरच्या बसस्टँडपेक्षा लांब जायची गरज नाही. त्याआधी थोडं लॅटिनकडे जाऊन येऊ, कारण ही पेटी आपल्याकडे तिकडूनच आली आहे.

पेटी कुठून आली

लॅटिनमध्ये या जातीचं नाव ‘आद्वेर्बिउम’. ‘आद’ म्हणजे जवळ, लगत. ‘वेर्बुम’ म्हणजे शब्द, आणि व्याकरणात क्रियापद. ग्रीकांच्या ‘एपिर्रेमा’ या नावाचा तो सरळ अनुवाद आहे. चौथ्या शतकातल्या दोनातुस या व्याकरणकारानं लॅटिनच्या आठ शब्दजाती सांगितल्या: नाम, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, धातुसाधित, उभयान्वयी, नामाच्या आधी येणारं शब्दयोगी आणि केवलप्रयोगी. यात विशेषण नाही, हे लक्षात आलं का? ते नामाच्याच पोटात होतं. पुढे युरोपात विशेषण वेगळं काढलं, धातुसाधित बाहेर गेलं, पण आकडा आठचा आठच राहिला. तोच आकडा इंग्रजी व्याकरणांतून आपल्या शाळेच्या पुस्तकात आला.

आपल्या भागातल्या भाषांवर ही पट्टी लावून बघायला सुरुवात फार आधी झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोलला छापलं गेलं. ते पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याचा सांगाडा लॅटिन व्याकरणाचा आहे. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, दादोबा पांडुरंगांचं १८३६ चं. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त शब्दजातींच्या वर्गीकरणाची सविस्तर चर्चा आहे. ती तुम्ही मुळातून वाचा, गाईडमधला सारांश नको.

संस्कृतची परंपरा वेगळी. यास्कानं चार जाती सांगितल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीला तर क्रियाविशेषणासाठी वेगळी पेटी लागलीच नाही. त्याच्याकडे पदं दोन प्रकारची, सुबन्त आणि तिङन्त. अव्ययं सुबन्तातच येतात, फक्त त्यांचा प्रत्यय लोप पावतो. ‘शीघ्रं गच्छति’ मधलं ‘शीघ्रम्’ म्हणजे विशेषणाची नपुंसकलिंगी द्वितीया, एकवचन.

मराठीत हे दोन्ही वारसे एकत्र आले. पेटी लॅटिनची, आणि तिच्यावर चिकटवलेली ‘अव्यय’ ही चिठ्ठी संस्कृतची. माझ्या मते ‘चांगली’ची अडचण या जोडणीत आहे. तुमच्या-माझ्या आईच्या बोलण्यात ती नाही.

लॅटिनमध्ये क्रियाविशेषण बनतं कसं

लॅटिन विशेषणांना लिंग, वचन, विभक्ती सगळं लागतं, पण त्यांच्यापासून बनलेली क्रियाविशेषणं गोठलेली असतात. ‘आल्तुस’ म्हणजे उंच किंवा खोल; ‘आल्ते’ म्हणजे उंचावर, खोलवर. ‘फोर्तिस’ म्हणजे शूर. ‘फोर्तितेर’ म्हणजे शौर्यानं. ‘बोनुस’ म्हणजे चांगला, त्याचं ‘बेने’. आता आपलं वाक्य लॅटिनमध्ये बघा. ‘पुएर बेने कान्तात’: मुलगा चांगला गातो. ‘पुएल्ला बेने कान्तात’: मुलगी चांगली गाते. ‘पुएरी बेने कान्तान्त’: मुलं चांगली गातात. गाणारं कोणीही असो, ‘बेने’ हलत नाही. ‘अव्यय’ ही चिठ्ठी ‘बेने’ला अगदी फिट्ट बसते.

पण गोठलेलं काय आहे ते बघितलं की मजा येते. ‘आल्ते’ मधला शेवटचा दीर्घ ‘ए’ हा जुन्या विभक्तिप्रत्ययाचा उरलेला तुकडा आहे. इ.स.पू. १८६ मध्ये रोमच्या सिनेटनं बाखुस देवाच्या उत्सवांवर निर्बंध घातले. तो हुकूम कोरलेला काशाचा पत्रा आज उपलब्ध आहे आणि त्यावर ‘फाकिलुमेद’ असा शब्द आहे, अर्थ ‘सर्वांत सहजपणे’. पुढच्या काळात हाच शब्द ‘फाकिल्लिमे’ झाला. शेवटचा ‘द’ गळाला, आणि विभक्ती होती ही आठवणही त्याच्याबरोबर गेली.

इतर लॅटिन क्रियाविशेषणंही खरवडली तर खाली विभक्तीच निघते. ‘मुल्तुम’ (पुष्कळ) ही नपुंसकलिंगी द्वितीया, म्हणजे आपलं ‘शीघ्रम्’च. ‘पार्तिम’ (अंशतः) ही ‘पार्स’ या नामाची जुनी द्वितीया. ‘होदिए’ म्हणजे आज, मुळात ‘या दिवशी’ असे दोन शब्द चिकटलेले. आपला ‘आज’ संस्कृत ‘अद्य’पासून आला, त्यातही ‘या’ आणि ‘दिवस’ असेच दडलेले आहेत. ‘दोमी’ म्हणजे घरी. लॅटिनमध्ये सप्तमी जवळपास संपली होती, ती गावांच्या नावांत आणि ‘घरी’सारख्या मोजक्या शब्दांत तेवढी टिकली. आता मराठी बघा: आपण ‘घरी’ म्हणतो, ‘सकाळी’ म्हणतो, पण ‘दुकानी’ म्हणत नाही, ‘दुकानात’ म्हणतो. दोन्ही भाषांत जुनी सप्तमी घराला चिकटून बसली.

द्वितीयेचं म्हणाल तर तिसरा साक्षीदार आपल्या शेजारीच आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चालायचा. म्हणून ‘फौरन’सारखे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी सहज यायचे. ‘फौरन’, ‘तकरीबन’, ‘यकीनन’ यांच्या शेवटी जो ‘अन’ ऐकू येतो तो अरबीतल्या द्वितीयेचाच प्रत्यय आहे. अरबी संस्कृतच्या किंवा लॅटिनच्या कुळातली नाही, तरी तिनंही क्रियाविशेषणासाठी द्वितीयाच वापरली. (आपण मात्र फारसी ‘अंदाजा’ घेतला आणि त्याला आपलाच ‘ए’ लावून ‘अंदाजे’ केलं. माल बाहेरचा, शिलाई घरची.)

‘मन’ आणि ‘पण’

लॅटिनच्या लेकींमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ‘मेन्स’ म्हणजे मन, ‘मेन्ते’ म्हणजे मनानं. ‘क्लारा मेन्ते’ म्हणजे स्वच्छ मनानं. हे ‘मेन्ते’ इतकं घासलं गेलं की त्याचा प्रत्यय झाला: स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘क्लारामेन्ते’, म्हणजे स्पष्टपणे. आज पाऊससुद्धा ‘हळूमेन्ते’ पडू शकतो, पावसाला मन असायची गरज उरली नाही. पण जुना नात्याचा धागा दिसतो. ‘मेन्स’ स्त्रीलिंगी, म्हणून प्रत्ययाच्या आधीचं विशेषण आजही स्त्रीलिंगीच, ‘क्लारा’. आणि स्पॅनिशमध्ये अशी दोन क्रियाविशेषणं जोडून आली तर ‘मेन्ते’ फक्त शेवटच्यालाच लागतं. पहिलं नुसतं ‘क्लारा’ राहतं. पूर्ण मुरलेला प्रत्यय असा सुटा होत नाही.

मराठीचं ‘पणे’ याच वाटेवर आहे. ‘पण’ किंवा ‘पणा’ हे भाववाचक, त्याला तृतीया लागून ‘पणे’: स्पष्टपणे, सावधपणे. ‘जोरानं’, ‘वेगानं’, ‘आनंदानं’ ही तर उघड तृतीया. ‘चांगल्या प्रकारे’, ‘योग्य रीतीने’ हे शब्दप्रयोग तुमच्या संशोधन आराखड्यात पानोपानी असतील. लॅटिनमध्ये ‘कसं’ विचारायला ‘क्वोमोदो’ म्हणतात, त्याची फोड ‘कोणत्या रीतीनं’ अशीच आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या मुलांना अजून दोन नमुने सहज मिळतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर येते. ‘आमे बागा पाडुतुंदि’ म्हणजे ती चांगली गाते. ‘बागा’, ‘मेल्लगा’ (हळू) यातला ‘गा’ हा ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आलेला आहे. पलीकडे बिदरकडे कन्नड: ‘अवळु चेन्नागि हाडुत्ताळे’. यातला ‘आगि’ म्हणजे ‘होऊन’. म्हणजे लॅटिननं विभक्ती गोठवली, स्पॅनिशनं मनाला कामाला लावलं आणि तेलुगू-कन्नडनं ‘होण्या’ला. पण या सगळ्यांत एक सारखेपणा आहे. गाणारा बदलला तरी क्रियाविशेषण बदलत नाही. मराठीत मात्र बदलतं, म्हणून मराठीकडे परत येऊ.

आधी खात्री करा: हे विशेषण तर नाही ना?

तुमचे मार्गदर्शक पहिली हरकत हीच घेतील, आणि घ्यायलाच हवी. ‘ती चांगली गाते’ मधला ‘चांगली’ हा ‘ती’चं विशेषणच कशावरून नाही? हरकत रास्त आहे, कारण लॅटिनमध्येही कर्त्याशी जुळणारं विशेषण क्रियापदाजवळ येतं. ‘पुएल्ला लाएता वेनित’: मुलगी आनंदी आली. मुलगा असेल तर ‘लाएतुस’. मराठीतही ‘ती ओलीचिंब घरी आली’, ‘तो ओलाचिंब घरी आला’. हे कर्त्याच्या त्या वेळच्या अवस्थेचं वर्णन आहे, येण्याच्या रीतीचं नाही.

फरक ओळखायला वाक्याला विरोध करून बघा. ‘ती ओलीचिंब आली, पण आली तेव्हा कोरडी होती’: हे अर्थहीन आहे. ‘ती स्वभावानं वाईट आहे, पण चांगली गाते’: यात काहीच विसंगती नाही. म्हणजे पहिलं विशेषण, दुसरं क्रियाविशेषण.

दुसरी खूण ‘सारखा’ या शब्दात सापडते. विशेषण म्हणून ‘सारखी’चा अर्थ ‘एकसमान’. पण केळीच्या बागेला पाणी द्यायला बसलेला माणूस जेव्हा म्हणतो, ‘वीज सारखी जाते’, ‘मोटार सारखी बंद पडते’, ‘फ्यूज सारखा उडतो’, तेव्हा तो ‘वारंवार’ म्हणतोय. हा अर्थ नामाला लागूच शकत नाही, तो घटनेलाच लागतो. तरी शब्द विजेप्रमाणे स्त्रीलिंगी आणि फ्यूजप्रमाणे पुल्लिंगी होतो.

तिसरी खूण मला सगळ्यांत पक्की वाटते. अर्धापूरहून नांदेडला आलेल्या मैत्रिणीला तुम्ही विचारता, ‘तू कशी आलीस?’ उत्तर येतं, ‘एसटीनं.’ मित्राला विचारता, ‘तू कसा आलास?’ उत्तर तेच, ‘एसटीनं.’ उत्तरात विशेषणाचा पत्ता नाही, नुसती तृतीया आहे, आणि तरी प्रश्नातला शब्द ‘कशी’ आणि ‘कसा’ असा वळतो. हिंदीत हे होत नाही. तिथे ‘तू कैसे आई?’ आणि ‘तू कैसे आया?’, ‘कैसे’ जागचा हलत नाही. ‘वह अच्छा गाती है’ यातही ‘अच्छा’ तसाच राहतो. हिंदी मराठीची सख्खी शेजारीण आहे, पण या बाबतीत तिचं वागणं लॅटिनसारखं आहे.

कुणाप्रमाणे बदलतं

आता मूळ प्रश्न. पहिलं उत्तर सुचतं ‘कर्त्याप्रमाणे’. ते फार वेळ टिकत नाही.

तिने पोवाडा चांगला म्हटला.
तिने कविता चांगली म्हटली.
त्याने कविता चांगली म्हटली.

हा कर्मणी प्रयोग. कर्ता तो असो की ती, क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि क्रियाविशेषणही. (पोवाडा चांगला होता म्हणून ‘चांगला’, असं वाटलं तर पुन्हा विरोध करून बघा: ‘पोवाडा रचनेला भिकार होता, पण तिने चांगला म्हटला.’ चालतं.) आता भावे प्रयोग:

पोलिसांनी चोराला चांगलं बदडलं.

कर्त्याला ‘नी’, कर्माला ‘ला’. दोघांनाही प्रत्यय. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जातं आणि ‘चांगलं’ही तिथेच जातं. कर्माचा ‘ला’ काढा: ‘पोलिसांनी चोर चांगला बदडला.’ लगेच दोघेही पुल्लिंगी.

म्हणजे क्रियाविशेषण क्रियापदाचं बघून चालतं असं म्हणायचं का? हे दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं आहे, आणि बरेच जण इथेच थांबतील. थांबू नका. हे वाक्य घ्या:

तो गाडी चांगली चालवतो.

क्रियापद ‘चालवतो’, पुल्लिंगी, त्याच्याप्रमाणे. पण ‘चांगली’ गाडीप्रमाणे! गाडी खटारा असली तरी वाक्य खरं असू शकतं, म्हणून हे गाडीचं विशेषण नाही. क्रियापद एकाबरोबर गेलं, क्रियाविशेषण दुसऱ्याबरोबर.

आता कर्माला ‘ला’ लावून बघा. मुलगा म्हणतो, ‘मी तुला चांगला ओळखतो.’ मुलगी म्हणते, ‘मी तुला चांगली ओळखते.’ समोर कोण आहे याचा काही संबंध नाही, बोलणाऱ्याचंच लिंग लागतं. ‘तुला’ला प्रत्यय लागलाय, तो शर्यतीतून बाद.

सगळी वाक्यं शेजारी मांडली की नियम दिसतो. क्रियाविशेषण अशा नामाशी जुळतं ज्याला विभक्तिप्रत्यय लागलेला नाही. ‘ती चांगली गाते’ मध्ये असं एकच नाम किंवा सर्वनाम आहे, कर्ता. कर्मणीत कर्त्याला ‘ने’ लागतो, उरतं कर्म. भावेत कुणीच उरत नाही, म्हणून नपुंसकलिंग. ‘तुला ओळखतो’ मध्ये कर्म बाद, उरतो कर्ता. आणि ‘तो गाडी चालवतो’ मध्ये दोघेही बिनप्रत्ययाचे आहेत, म्हणून तिथे ओढाताण होते.

या ओढाताणीत शब्दक्रमाला महत्त्व येतं. माझ्या कानाला ‘ती सारखी मोबाईल बघते’ हे स्वाभाविक वाटतं, आणि ‘ती मोबाईल सारखा बघत असते’ हेही. पहिल्यात ‘सारखी’ तिच्या शेजारी आहे, दुसऱ्यात ‘सारखा’ मोबाईलच्या शेजारी. पण ‘तो क्रिकेट चांगला खेळतो’ असंही आपण सर्रास म्हणतो. तिथे क्रिकेट शेजारी असूनही कर्ता जिंकतो. गाडी क्रियाविशेषणाला ओढते आणि क्रिकेट ओढत नाही, असं का? खेळाचं नाव क्रियापदाशी एकजीव होतं म्हणून? की क्रिकेटचं लिंग आपल्या मनात पक्कं नाही म्हणून? प्रबंधाचं एक प्रकरण इथे सहज बसतं.

शिवाय ‘ती चांगलं गाते’ हा पर्याय कायम उघडा असतोच. म्हणजे नपुंसकलिंग हे नुसतं नाइलाजाचं रूप नाही. ‘थोडा थांब’, ‘थोडी थांब’, ‘थोडं थांब’ हे तिन्ही एका गल्लीत एका दिवसात ऐकू येतात. संस्कृतनं ‘शीघ्रम्’साठी आणि लॅटिननं ‘मुल्तुम’साठी निवडलेलं नपुंसकलिंगच इथे मराठीत दार ठोठावतंय.

एक मर्यादा सांगून टाकतो, नाहीतर उदाहरणं गोळा करताना गोंधळ होईल. हे सगळं फक्त आकारान्त विशेषणांतच दिसतं: चांगला, सारखा, थोडा, कसा, असा, इतका, नुसता. ‘छान’, ‘मस्त’, ‘सरळ’, ‘लवकर’ यांना बदलायला शेपूटच नाही. ‘ती छान गाते’ मध्ये जुळणी आहे की नाही, हे नुसतं बघून कळणार नाही. ‘लई’ही तसाच, आणि तो तर ‘लई चांगली गाती’ असा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या डोक्यावर बसतो.

जगात मराठी एकटी अशी आहे का? नाही. गुजरातीतही क्रियाविशेषणं जुळतात. दागेस्तानच्या डोंगरातली आर्ची ही हजारभर लोकांची भाषा, तिच्यातली काही क्रियाविशेषणं वाक्यातल्या नामाप्रमाणे रूप बदलतात आणि त्यावर इंग्रजीत जाडजूड संशोधन झालंय. आणि खुद्द लॅटिनच्या घरात, दक्षिण इटलीच्या काही बोलींमध्ये, बाई ‘चांगली’ रांधते आणि बाप्या ‘चांगला’. प्रमाण इटालियनमध्ये तिथे न बदलणारा शब्द आहे, ‘बेने’चाच वंशज. तिथल्या शाळांच्या व्याकरणात न बसणाऱ्या या बोलींकडे अभ्यासकांनी लक्ष दिलं, म्हणून ती माहिती आज आपल्यापर्यंत पोचते.

वाक्यं गोळा करायला निघालात तर

लोकांना ‘चांगलं गाते बरोबर की चांगली गाते?’ असं विचारू नका. विचारलंत की समोरचा माणूस सावध होतो, शाळा आठवतो आणि ‘चांगल्या प्रकारे गाते’ असं काहीतरी तुमच्या हातात देतो, जे तो जन्मात बोललेला नसतो. आपल्याकडे तर हा धोका जास्त आहे. आपली मराठी ‘अशुद्ध’ असल्याचं इतक्यांनी इतक्यांदा सांगितलंय की वही-पेन बघून माणसं भाषा बदलतात. त्यापेक्षा काम करताना बोलतं करा: बागेत, स्वयंपाकघरात, मोटार दुरुस्त करताना. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, प्रश्न कामाबद्दल विचारा, व्याकरणाबद्दल नको.

प्रत्येक वाक्यासमोर कर्त्याला आणि कर्माला प्रत्यय आहे का ते टिपा, आणि क्रियाविशेषण कर्माच्या आधी आलं की नंतर तेही. बोलणाऱ्याच्या घरात दुसरी कुठली भाषा आहे हे जरूर विचारा. घरात दखनी बोलणारी मुलगी, तेलुगू बोलणारा मुलगा आणि गोरमाटी बोलणारी आजी मराठीत ‘कशी आलीस’ म्हणतात का, हे तिघांचं वेगवेगळं येऊ शकतं. भाकरीची वाक्यं मात्र वेगळी ठेवा. ‘तिने भाकरी चांगली केली’ मध्ये करणं चांगलं की भाकरी चांगली, हे विरोध करूनही सुटत नाही. जिथे कर्म त्या क्रियेतूनच तयार होतं तिथे ही पंचाईत येतेच.

दोन ठिकाणी मी मुद्दाम कान देऊन ऐकीन. एक, भांडणाच्या गोष्टी. बोलीत ‘त्याला चांगला हाणला’ असं सर्रास येतं. कर्माला ‘ला’ आहे, तरी क्रियापद पुल्लिंगी आणि ‘चांगला’ही पुल्लिंगी. वर मांडलेला नियम इथे दोघांनी मिळून मोडलाय. ‘त्याला चांगलं हाणला’ असं एकट्यानं मोडलेलं वाक्य कुणी बोलतं का?

दुसरं ठिकाण आपल्या भागातलं नाही. कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. क्रियापद पुल्लिंगी, बोलणारी बाई. अशी बाई ‘मी तुला चांगला ओळखतो’ म्हणेल की ‘चांगली ओळखतो’? ‘चांगली’ आलं तर क्रियाविशेषण क्रियापदाला न विचारता थेट कर्त्यापर्यंत पोचतंय. ‘चांगला’ आलं तर ते क्रियापदाचं रूप बघून आपलं रूप ठरवतंय, आणि वर गाडीच्या वाक्यावरून आपण जे म्हटलं ते पुन्हा तपासावं लागेल.